भरतीची वाट

मलय भाषेत ‘क्वाला’ म्हणजे नदीचं मुख. क्वालालंपूर आपल्याला माहीत असतं. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर क्वाला तेरेंगानू नावाचं आणखी एक शहर आहे. तेरेंगानू नदी दक्षिण चीन समुद्राला मिळते, तिथेच ते वसलंय. २०१४ च्या मे महिन्यात आम्ही तिथे शिडाच्या होडीतून गेलो. विमानाने गेलो असतो तर दोन दिवस बाजार आणि मशिदी पाहून परतलो असतो, आणि हे लिहायची वेळ आली नसती.

मी जहाजीची बायको. माझं सासर बाणकोटचं, सावित्रीच्या खाडीकाठचं. १९८३ साली लग्न झालं तेव्हापासून हे व्यापारी जहाजांवर, इंजिनरूममध्ये. वर्षातले नऊ-दहा महिने बाहेरच. निवृत्त झाल्यावर तरी घरी बसतील असं वाटलं होतं. पण जहाजावरच्या एका जुन्या मलेशियन सोबत्याने ३६ फुटी शिडाची होडी घेतली. त्यांना आम्ही कप्तानसाहेब म्हणतो. ते आणि त्यांची बीवी सारखे बोलवत होते. या खेपेला हे म्हणाले, “तूही चल.” मुलीचं दुसरं बाळंतपण पनवेलला, सासरीच व्हायचं होतं आणि तारखेला महिना बाकी होता. पहिल्या वेळी ती माझ्याकडेच होती. मी हो म्हटलं.

तियोमन बेटावरून निघून दीड दिवस आम्ही उत्तरेला चाललो होतो. होडीतला संसार म्हणजे आपल्या मोरीएवढ्या जागेत सगळं घर. शेगडीसुद्धा टांगलेली असते, होडी कलली तरी पातेलं सरळ राहतं. नमाजला उभं राहता येईना, बसूनच पढायची. किब्ला धरून बसावं तर वारा बदलायचा आणि होडी वळायची. पहिल्या रात्री मला उलट्या झाल्या. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

शहरासमोर पोचलो तेव्हा मगरिब होऊन गेली होती. किनाऱ्याचे दिवे, रस्त्यावरच्या गाड्या, समुद्रालगतच्या विमानतळावर उतरणारं विमान, सगळं स्पष्ट दिसत होतं. मी बॅग भरायला घेतली. कप्तानसाहेबांनी मात्र शिडं उतरवून बाहेरच नांगर टाकला.

कारण त्यांनी समजावून सांगितलं. नदी डोंगरातून वाळू आणते आणि समुद्राच्या लाटा ती परत मुखाशी लोटतात. दोन्ही बाजूंना दगडी बांध घातलेत, तरी वाळू कुठे सरकली असेल याचा नेम नाही. शिडाची होडी वरून हलकी दिसते, पण ती उलटू नये म्हणून तळाला जड पातं असतं. आमच्या होडीचं पातं पाण्याखाली पावणेदोन मीटर होतं. उथळ जागी लाट खाली बसली की ते वाळूवर आपटतं. आणि आपल्या कोकणात दिवसातून दोनदा जवळजवळ सारखी भरती येते, तसं तिथे नाही. एक भरती मोठी, दुसरी नावापुरती. मोठी भरती सकाळी होती.

सावित्रीच्या मुखाशीही वाळू साचते. भरतीसाठी बाहेर थांबलेले मचवे मी लहानपणापासून पाहिले होते. पण काठावरून.

रात्री नऊच्या सुमारास फोन वाजला. जावई होते. रक्तदाब वाढला म्हणून मुलीला दवाखान्यात नेलं होतं आणि डॉक्टर बहुतेक रात्रीच ऑपरेशन करणार होते. मी ह्यांना म्हटलं, “चला आत. इथून सकाळचं विमान मिळेल.” हे म्हणाले, “आता नाही जाता येणार. पाणी नाही.”

चारी बाजूंनी समुद्र, आणि म्हणे पाणी नाही!

हे वाक्य मी एकदा पत्रात वाचलं होतं. १९८६ साली आमचा पहिला मुलगा झाला आणि आठव्या दिवशी गेला. कंपनीला तार केली, कंपनीने जहाजाला कळवलं. हे घरी पोचले एकोणिसाव्या दिवशी. त्याआधी पत्र आलं होतं. कलकत्त्याला जायचं जहाज हुगळीच्या मुखाशी, सागर बेटाजवळ उभं आहे, नदीत वाळूचे उंचवटे आहेत, भरतीचं पुरेसं पाणी आणि पायलट मिळाल्याशिवाय वर जाता येत नाही. मला तो बहाणा वाटला. जमीन दिसत असताना माणूस उतरू शकत नाही, हे कोण खरं मानेल? सासूबाई म्हणाल्या, “सबर कर.” मी सबर केला. ह्यांना त्यावरून कधी बोलले नाही, पण मनातून माफही केलं नाही. अठ्ठावीस वर्षं ती गाठ तशीच होती.

त्या रात्री कोणी झोपलं नाही. कप्तानसाहेबांची बीवी तसबीह घेऊन माझ्याजवळ बसली होती. कधीतरी मी ह्यांना विचारलं, “तेव्हा सागर बेटाजवळ किती दिवस होतात?”

“सहा,” हे लगेच म्हणाले. “पायलट चढला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते.”

पहाटे, फजरच्या जरा आधी जावयांचा दुसरा फोन आला. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. अल्हम्दुलिल्लाह. थोड्या वेळाने किनाऱ्यावरून अजान ऐकू आली. पाण्यावरून आवाज किती स्वच्छ येतो! आवाज आमच्यापर्यंत येत होता, आम्हाला मात्र अजून चार तास तिकडे जाता येणार नव्हतं.

सकाळी भरतीवर आत शिरलो. खोली दाखवणाऱ्या यंत्रावरचे आकडे हे मोठ्याने वाचत होते: “चार, तीन, अडीच, अडीच...” मी श्वास रोखून धरला होता. मग आकडे वाढायला लागले आणि एकदम सगळं शांत झालं. तपकिरी पाणी, मासेमारीच्या रंगीत नावा, माणसांना या काठावरून त्या काठावर नेणाऱ्या छोट्या होड्या. आता तिथे मुखावर उघडझाप करणारा पूल झालाय, २०१९ मध्ये खुला झाला.

नदीतच दुयोंग नावाचं बेट आहे आणि होड्या लावायची मरीना त्या बेटावर. २००५ पासून काही वर्षं मान्सून कप ही शिडाच्या होड्यांची शर्यत तिथे व्हायची. तरंगत्या धक्क्याला होडी बांधली, नळाला गोडं पाणी होतं, तासभर अंघोळ केली. शुक्रवार होता. त्या राज्यात सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे सरकारी कचेऱ्या बंद. कागदपत्रं रविवारवर गेली. पुरुषमंडळी नदीपलीकडे अबिदिन मशिदीत जुम्याला गेली. जुनी, पांढरीशुभ्र मशीद आहे.

दुयोंग बेट होड्या बांधणाऱ्यांचं. कप्तानसाहेबांची बीवी मला एका म्हाताऱ्या जोडप्याकडे घेऊन गेली. तिथे चेंगाल नावाच्या कठीण लाकडाची होडी बांधतात. नकाशा नाही, खिळे नाहीत. फळीला फळी लाकडी खुंट्यांनी जोडत जातात आणि आतल्या फासळ्या नंतर बसवतात. दोन फळ्यांच्या मध्ये गेलाम झाडाची साल घालतात, पाण्यात ती फुगून फट बंद होते. आमच्याकडे कापूस ठोकतात, असं मी हातांनी करून दाखवलं तेव्हा म्हातारबाबा खूश झाले. आता हे काम करणारे थोडेच उरलेत, असं त्यांच्या बोलण्यात आलं. आजीबाईंनी मला माझी हकिकत विचारली. बीवीने त्यांना मलयमध्ये काय सांगितलं कोण जाणे, पण उत्तरातला एक शब्द मला दुभाष्याशिवाय कळला. सबर. त्यांच्या भाषेतही तोच आहे.

संध्याकाळी धक्क्यावर बसून मुलीशी बोलले. आवाज थकलेला होता. बाळाचं वजन सांगून झालं, मोठ्या भावाने तिला पाहून काय केलं ते झालं. मग ती जरा थांबली.

“अम्मी, रात्री तू हवी होतीस.”

“मी निघालेच असते गं,” मी म्हटलं, “पण आम्ही नदीच्या बाहेर उभे होतो. आत यायला पाणी नव्हतं.”

ती काहीच बोलली नाही. शेजारी हे दोर गुंडाळत होते. त्यांचे हात तेवढे थांबले.