चादरी, टॉवेल आणि ७५०१

"अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? मग हे जरा बघून दे की!"

कुणाचंही कागदपत्र अडलं की हे वाक्य माझ्या वाट्याला येतं. फेब्रुवारी २०२६ चा शेवटचा शनिवार, सकाळचे साडेनऊ, अस्मादिक साखरझोपेत आणि फोनवर बाबांचे मित्र. काका न्यू जर्सीत सोलापुरी चादरी, टॉवेल आणि थोडा स्टीलचा माल मागवून विकतात. २० फेब्रुवारीला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला होता, की १९७७ च्या आयईईपीए कायद्याखाली राष्ट्राध्यक्षांना टॅरिफ लावता येत नाही. काकांनी त्यातून ऐकलं ते एवढंच, "पैसे परत मिळणार!" परतावा कसा द्यायचा, याबद्दल त्या निकालात चकार शब्द नव्हता. असो.

गेलो. डायनिंग टेबलवर बुटाचं खोकं, त्यात सगळी बिलं. म्हटलं, "काका, बिलं नकोत, ७५०१ हवेत." ७५०१ म्हणजे कस्टम्सचा एंट्री समरी फॉर्म. तो ब्रोकर भरतो, त्यामुळे काकांनी तो कधी उघडून पाहिलाच नव्हता. ब्रोकरकडून पीडीएफ मागवल्या आणि पायथनमध्ये एक स्क्रिप्ट खरडली. ९९०३ ने सुरू होणारा कोड दिसला की पुढची रक्कम उचलायची. सोप्पं!

बेरीज आली १७,४०० डॉलर. काका काकूंना हाक मारायला उठले आणि तेवढ्यात मला माझी चूक दिसली. सगळे ९९०३ सारखे नसतात. ९९०३.०१.२५ हा एप्रिल २०२५ पासूनचा १० टक्क्यांचा, ९९०३.०१.८४ हा रशियन तेलापायी भारतावर २७ ऑगस्ट २०२५ पासून बसलेला जादा २५ टक्क्यांचा. हे आयईईपीएतले. पण स्टीलच्या ओळीवर ९९०३.८१ होता, म्हणजे १९६२ च्या कायद्याचं कलम २३२. त्याला कोर्टाने हात लावलेला नाही. ते ४,००० वजा. टॉवेलवरचा नेहमीचा ९.१ टक्के कर तर होताच आणि राहणारच. ऑफिसात असा बग निघाला तर आपण तिकीट बंद करतो. इथे मला काकांना परत खाली बसवावं लागलं.

मग तारखा. एंट्रीनंतर साधारण ३१४ दिवसांनी कस्टम्स हिशेब पक्का करतं, त्याला लिक्विडेशन म्हणतात. त्यानंतर हरकत घ्यायला १८० दिवस. काकांचा पहिला कंटेनर १४ मे २०२५ चा, म्हणजे २४ मार्चच्या आसपास. कॅलेंडरवर लाल गोल केला. शिवाय ६ फेब्रुवारी २०२६ पासून कस्टम्सचा परतावा थेट बँकेत येतो आणि काका पोस्टाने येणाऱ्या चेकच्या भरवशावर! त्यांचं पोर्टलवर खातंच नव्हतं. सोमवारी ब्रोकरला सांगायच्या यादीत ते पहिलं लिहिलं.

"आणि नोव्हेंबरचा माल?" काकांनी विचारलं. त्याचा ७५०१ ब्रोकरकडे नव्हताच. तो माल एका फर्ममार्फत दारापर्यंत, ड्युटीसकट आलेला. बिलात 'टॅरिफ' म्हणून ६,५०० डॉलर वेगळे लावलेले आणि काकांनी ते भरलेले. पण कागदोपत्री आयातदार ती फर्म. परतावा आला तर तिच्या खात्यात.

"त्यांच्याशी काही लेखी आहे का?"

"तोंडीच बोललो रे. ओळखीचे आहेत."

एवढ्यात काकू पोहे घेऊन आल्या. त्या फर्मला चार ओळींचा मेल मीच लिहून दिला. आयातदार म्हणून कोणाचं नाव आहे, ७५०१ ची प्रत द्या, परतावा आल्यास आमचे किती ते लेखी कळवा. काकांनी वाचला आणि त्यात दोन ठिकाणी 'प्लीज' घालून घेतलं.