देवाची सोयरीक

माझं माहेर कोल्हापूरकडचं, कुलदैवत ज्योतिबा. आमच्याकडे गुलाल. लग्न होऊन काळेवाडीत आले, तर इथे खंडोबा आणि सगळं भंडाऱ्यानं पिवळंधमक. गच्चीवर मांडव घालून जागरण-गोंधळ चालला होता, वाघ्या-मुरळी गात होते आणि मला कशाचाच मेळ लागत नव्हता. खंडोबा म्हणजे महादेव, म्हाळसा म्हणजे पार्वती, सासूबाईंनी सांगितलं. मग बाणाई? ती गंगा. मग गणपती खंडोबाचा मुलगा का? नदीपलीकडे चिंचवडला मोरयाच्या देवळात संकष्टीला जातो, ते आपल्या देवाच्या लेकाकडे? सासूबाई जरा थांबल्या. "अगं, कैलासावरचा संसार वेगळा, जेजुरीचा वेगळा."

त्याच दिवसांत दिरांचा मुलगा ग्रीक देवांचं पुस्तक घेऊन आला. म्हणाला, काकू, वंशावळ काढू. झ्यूसचा बाप क्रोनस स्वतःची पोरं गिळायचा. ऱ्हियानं दुपट्यात धोंडा गुंडाळून त्याला दिला आणि झ्यूसला वाचवलं. (मला कंस आणि देवकीच आठवली.) पुढे झ्यूसनं सख्ख्या बहिणीशी, हेराशी, लग्न केलं. अथेना त्याच्या डोक्यातून निघाली, अपोलो आणि आर्टेमिस लेटोचे, हर्मीस मायाचा, हेराक्लीस अल्कमीनीचा. कागदाला कागद जोडावा लागला. हेरानं पाळण्यातल्या हेराक्लीसवर दोन साप सोडले, तिथं पोरगं गप्प झालं. "म्हाळसानं पण असं केलं का, काकू?"

नाही केलं. भांडली मात्र खूप. ती नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक, बाणाई चंदनपुरीच्या धनगराची. बाणाईसाठी देव धनगराघरी चाकर होऊन मेंढरं राखत राहिला. सवतींचं एका घरात पटेना, तेव्हा त्यानं गड वाटून दिला: वरचा अर्धा म्हाळसेचा, खालचा बाणाईचा. रंभाई शिंपीण आणि फुलाई माळीणही त्याच्याच घरच्या.

पुढे जेजुरीला गेले. पायऱ्या चढताना निम्म्यात बाणाईचं देऊळ लागलं. हिरव्या लुगड्यातली एक धनगर आजी उंबऱ्याला हात लावून तिथंच बसली होती. मी म्हटलं, "आजी, वर नाही यायचं?" ती म्हणाली, "आधी लेकीकडं. जावई वर हाय, त्याला मागनं भेटते."

इतके दिवस मी देवांची नाती कागदावर जुळवत होते. आजी तर माहेरची म्हणून बसली होती.

घरी आल्यावर पोराचा आणखी एक प्रश्न होता: खंडोबाची मुलं कुठली? मला जागरणातला म्हातारा वाघ्या आठवला. पहाटे चहा घेताना त्यानं सांगितलं होतं, की त्याच्या आजीची पोरं जगत नव्हती. तिनं नवस बोलला, जगेल तो देवाचा. जगला तो याचा बाप. तेव्हापासून घरात दिवटी आहे.

मी ते पोराला सांगितलं. त्यानं खंडोबाच्या नावाखाली रेघ ओढली, "वाघ्या" लिहिलं, आणि विचारलं, "त्या आजीचं नाव काय होतं? तिलाही लिहायला पाहिजे."