चोडणचे खाजन

आपल्या बेळगाव, खानापूरकडच्या कितीतरी घरांची कुलदैवते गोव्यात. वर्षा-दोन वर्षांनी आपण जातो, अभिषेक करतो, प्रसादाचे जेवण होते आणि संध्याकाळी घाट चढून परत. मधली जमीन पाहायची राहूनच जाते. यंदा जानेवारीत ती सवडीने पाहिली, म्हणून लिहितोय.

माझे आजोळ चोडण बेटावर. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की उतरल्या उतरल्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागते. 1988 साली जाहीर झालेले, जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचे. आम्ही होडीतून फिरलो. दोन्ही बाजूंना खारफुटी, चिखलातून वर आलेली तिची पेन्सिलीसारखी श्वासमुळे, त्यांच्यात उड्या मारणाऱ्या निवट्या. खंड्या, बगळे, पाणकावळे भरपूर दिसले. सौ. तर दुर्बीण खाली ठेवायला तयार नव्हती.

दुपारी मामेभावाकडे जेवलो. अण्णा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, जन्मभर शेती केलेला. मी खारफुटीचे कौतुक केले तसा म्हणाला, "चल, तुला आमचे खाजन दाखवतो."

खाजन म्हणजे भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली, बांध घालून नदीकडून मिळवलेली जमीन. बांधात एक दार असते, त्याला मानस म्हणतात. भरतीचे पाणी लाकडी फळ्या दाबते, दार आपोआप मिटते. ओहोटीला आतले पाणी ढकलते, दार उघडते. मोटर नाही, वीज नाही. पावसाळ्यात खारेपणा सोसणारे कोरगुट भात, नंतर मासळी. शेकडो वर्षे हे चालले, कारण बांधाची देखभाल हे गावकरीचे, म्हणजे कोमुनिदादचे, काम होते.

1964 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाला, ते न्यायाचेच झाले. पण बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली आणि हळूहळू माणसे नोकरीला लागली. खेकडे बांधाला भोके पाडतात, खनिजाच्या बार्जच्या लाटा तो खातात, मासळीसाठी कुणी मानस नको तेव्हा उघडतो. एकदा बांध फुटला की खारे पाणी आत येते आणि दोन-चार वर्षांत शेतात तिवरे उभी राहतात. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे, ती तोडता येत नाही.

अण्णाने बोट दाखवले. "ते तुझ्या आजोबांच्या कुणग्याचे टोक." तिथे दाट हिरवे रान होते आणि त्यावर एक पांढरा बगळा. मला बोलायला काही सुचेना. सकाळी अशाच रानाचे मी फोटो काढले होते.

बँकेत आम्ही दरवर्षी मालमत्तेवर घसारा लावत असू. बांधाचाही घसारा असतो, पण तो पावसाआधी टोपलीभर चिखलाने फेडायचा असतो. एक वर्ष चुकवले तर चालते, दहा वर्षे चुकवली की खातेच बुडते. खारफुटी नको असे मी म्हणत नाही. नदीकाठी ती हवीच. लाटांचा मार सोसून बांध तीच राखते. पण बांधाच्या आत भात आणि बाहेर तिवर, हा जुना हिशोब होता.

दुसऱ्या दिवशी मये मार्गे नार्व्याला गेलो. सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडी बेटावरचा, कदंब राजांचा देव. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडले, तेव्हा भक्तांनी लिंग नदीपलीकडे आणले. 1668 साली शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, शके 1590 चा शिलालेख आजही तिथे आहे. तो वाचताना अण्णा मागून म्हणाला, "देव पलीकडे नेता आला रे. शेत कसे नेणार?"

अण्णाचा मुलगा पर्वरीला कचेरीत असतो. यंदा मेमध्ये रजा काढून बांधाला येतो म्हणाला आहे. अण्णा त्याला मानस कशी बसवायची ते शिकवणार आहे. आमचा नातूही जायचे म्हणतोय.

तुमच्यापैकी कुणाचे आजोळ दिवाडी, चोडण, सांतइस्तेव्हकडे असेल तर घरच्या वडीलधाऱ्यांना खाजनाबद्दल जरूर विचारा. कुठला कुणगा कुणाचा, मानस कुठे होती, जे आठवेल ते खाली लिहा. आठवणारी माणसे आता थोडी उरलीत.