बाटली, डबा आणि पौष्टिकता

आमच्या शहागडात ‘पौष्टिक’ हा शब्द फार स्वस्त आहे. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू पौष्टिक, पैलवानाचा बदामाचा खुराक पौष्टिक, इथवर कुणाची तक्रार नसावी. पण गेल्या दोन-चार वर्षांत या यादीत बिअरचे नाव आले आणि प्रस्तुत लेखकाला लेखणी उचलावी लागली.

याचे जनक आमचे दाजी. ते पुण्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला असतात. दिवाळीला आले की गोदावरीच्या पुलाकडे पाहत ओट्यावर त्यांचे व्याख्यान सुरू होते. “पाहुणे, बिअर म्हणजे काय दारू आहे का? जवाचं पाणी ते! साहेब लोक एक बाटली बिअर आणि दोन सॉसेज खातात, तेच त्यांचं जेवण. तब्येती बघा त्यांच्या!” या दिवाळीला पुरावा म्हणून त्यांनी सॉसेजचा एक डबाही आणला होता.

दाजींचे बोलणे हसण्यावारी नेले असते. पण त्यांच्या श्रोत्यांत पोलीस भरतीची तयारी करणारी आमच्या गावची पोरे होती. वाचकहो, या भरतीत उंची १६५ सेंटिमीटर लागते, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून आणखी ५ लागते, वर १६०० मीटर धावायचे असते. उंची देवाने दिलेली असते, धावणे सरावाने येते. अडते ते छातीपाशी. अशा पोराला कुणी सांगितले की बिअरने अंगावर मांस चढते, तर तो पहाटे धावून संध्याकाळी ढाब्यावर जाणारच. कायद्याने बिअर पिण्याचे वय २१ आहे ही गोष्ट ढाब्यावर कुणी विचारत नाही. त्यातला एक पोरगा माझा चुलतभाऊ. म्हणून मी वही-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसलो. कला शाखेचा विद्यार्थी आकडेमोड करतो याचे आमच्या प्राध्यापकांना नवल वाटेल, पण प्रसंगच तसा होता.

६५० मिलिलिटरची साधी बाटली घ्या, मद्यार्क ५ टक्के. तिच्यात सुमारे २७५ उष्मांक निघतात. ऐकायला बरे वाटते. पण त्यांतले १८० च्या आसपास निव्वळ मद्यार्काचे. प्रथिने जेमतेम ३ ग्रॅम, चरबी जवळजवळ शून्य. आता साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी घ्या: २०० उष्मांक, ६ ग्रॅम प्रथिने, शिवाय लोह आणि चोथा. म्हणजे मांस चढवणाऱ्या द्रव्याच्या बाबतीत अख्खी बाटली अर्ध्या भाकरीच्या बरोबरीची! मूठभर शेंगदाणे घेतले तरी ७ ग्रॅम प्रथिने पदरात पडतात, आणि मूठभर शेंगदाण्यांनी आजवर कुणाची मोटारसायकल पुलाच्या कठड्याला गेलेली नाही.

मग वजन वाढते ते कसले? मद्यार्क शरीराला साठवता येत नाही, म्हणून शरीर आधी तोच जाळते. तोवर बाकीच्या खाण्यातली चरबी बाजूला राहते. जोडीला ढाब्यावरची तळलेली चकली, चिवडा असतोच. छातीला हवे असते आणि मिळते पोटाला. कसरतीनंतर स्नायूंची जी भरपाई व्हायची तीही मद्यामुळे मंदावते. मुतखडा बिअरने वाहून जातो, ही आणखी एक लोकप्रिय समजूत. लघवीला जास्त होते हे खरे, पण शरीरातले पाणी त्याने घटते आणि युरिक आम्ल वाढते.

पण ‘जवाचे पाणी’ हे दाजींचे म्हणणे अगदीच निराधार नाही. जव भिजवून, मोड आणून, वाळवून, भरडून गरम पाण्यात मुरवतात. त्यातली साखर पाण्यात उतरते आणि तिचे पुढे मद्य होते. खाली जो चोथा राहतो त्यात धान्यातली बहुतेक प्रथिने राहतात. वाळवलेल्या चोथ्याचा पाचवा हिस्सा आणि त्याहूनही अधिक प्रथिनेच असतात. हा चोथा जातो गोठ्यात. म्हणजे पौष्टिक तेवढे म्हशीने खाल्ले आणि उरलेले माणसाने पैसे देऊन प्यायले. आफ्रिकेत ज्वारीची दाट, न गाळलेली बिअर करतात. तिच्यात धान्याचे कण आणि किण्व शिल्लक असल्याने ती थोडीफार अन्नासारखी असते. आपल्याकडची सोनेरी बिअर गाळून गाळून स्वच्छ केलेली. दिसायला देखणी, हे मी मान्य करतो.

आणि पाणी म्हणाल तर ते कुणाचे? २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात करण्याचा आदेश द्यावा लागला. पैठणचा नाथसागर आमच्या वरच्या अंगाला. तिथे काय उरते यावर आमच्या पुलाखाली पाणी की वाळू हे ठरते.

आता सॉसेज. इथे दाजींची बाजू जरा बळकट आहे. शंभर ग्रॅम सॉसेजमध्ये १२ ग्रॅमच्या पुढे प्रथिने असतात. बिअर त्याच्या जवळपासही येत नाही. पण त्याबरोबर २५ ग्रॅम चरबी आणि दोन ग्रॅमच्या आसपास मीठ येते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. तिच्याच कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ साली आणि प्रक्रिया केलेल्या मांसाला २०१५ साली कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात बसवले. दाजींचे ‘साहेबी जेवण’ असे एकाच पंगतीला बसले आहे.

सॉसेज म्हणजे तरी काय? खिमा, चरबी, मीठ, मसाला आतड्यात भरून टिकवायचा. गोव्यात डुकराचे मांस मिरची, लसूण आणि माडाच्या व्हिनेगरमध्ये मुरवून चोरीसच्या माळा करतात, त्या पावसाळ्यासाठी. मांस टिकवण्याची विद्या मराठवाड्यालाही ठाऊक होती. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात चान्यांची माहिती आहे: मांसाच्या लांब पट्ट्या कापून वाळवायच्या आणि नड असेल तेव्हा काढायच्या. तीच गरज, तेच मीठ आणि ऊन. पण त्या महार-मांगांच्या घरच्या, म्हणून पाककृतींच्या पुस्तकांत त्यांना जागा नव्हती. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले, तेव्हा प्रश्न प्रथिनांचा नव्हता, माणूसपणाचा होता. तो आकडेमोडीत बसवणे मला बरे वाटत नाही. एवढेच म्हणतो की डब्यावर इंग्रजी अक्षरे असली की वाळवलेल्या-खारवलेल्या मांसाला आपण एकदम मान देतो.

चुलतभावाला वही दाखवली. त्याने भाकरीचा हिशेब दोनदा तपासला आणि हल्ली तो भिजवलेले हरभरे खातो; ढाबा अजून पूर्ण सुटलेला नाही. डबा मात्र आमच्या घरी कुणी फोडेना. शेवटी मी तो माझ्या एका वर्गमित्राच्या घरी नेला. आत काय आहे आणि किंमत किती, हे त्याच्या आजीला सांगितले. आजीने डबा कानाशी हलवून पाहिला आणि म्हणाली, “आमच्या चान्या गाडग्यात असायच्या बाबा. कुणी आलं की गाडगं आधी आत सारावं लागायचं. हे तर तुम्ही फळीवर मांडायला आणलंय.”