मुरमाची वाट : हिंजवडी ते पाले

कार्तिकी पौर्णिमा झाली की आपले साधु-साध्वी चातुर्मासाचा मुक्काम आवरून विहाराला निघतात. गेली तीन वर्षे त्याच सुमारास मीही सायकल झाडून-पुसून बाहेर काढतो. पावसाळ्यात मावळातील कच्च्या वाटा चिखल, शेवाळ, गोगलगायी आणि मृगाचे किडे यांनी इतक्या सजीव झालेल्या असतात की त्यांवर चाक घालणे आपल्या घरातील कोणालाही रुचणार नाही. कार्तिकात माती वाळते, मुरूम घट्ट बसतो, गवत पिवळे पडते. मग आषाढापर्यंत या वाटा जाणाऱ्याच्या असतात.

मला या छंदाकडे ओढले ते माझ्या पुतण्याने. तो हिंजवडीतील एका संगणक कंपनीत काम करतो. त्याने ‘ग्रॅव्हल बाईक’ घेतली तेव्हा हे काय नवे खूळ, असे मला वाटले होते. ही सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी, खाली वळलेल्या हँडलाची. परंतु टायर ३५ ते ५० मिलिमीटर रुंद, त्यांत हवा बेताची आणि ब्रेक डिस्कचे. त्यामुळे ती डांबरावर वेगाने धावते आणि खडी-मुरमावरही घसरत नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २००६ साली अशा कच्च्या रस्त्यांवरील एक मोठी शर्यत सुरू झाली आणि २०२२ पासून या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही भरते. आम्हाला शर्यत करायची नव्हती. माझी सायकल तर साधी गिअरची आहे, फक्त टायर रुंद बसवून घेतले आहेत. आम्हाला हिंजवडीतून निघून पाल्याच्या लेण्यापर्यंत जायचे होते. तेही शक्य तेवढे कच्च्या वाटेने.

हिंजवडीचा आजचा चेहरा वाचकांना ठाऊक आहे. काचेच्या इमारती, मेट्रोचे खांब आणि सकाळ-संध्याकाळ तुंबलेली वाहने. तथापि गावठाणात म्हातोबाचे देऊळ आहे आणि चैत्री पौर्णिमेला हनुमान जयंतीच्या दिवशी त्याचे बगाड आजही वाकडला जाते. या गर्दीच्या पोटात एक जुने गाव अजून श्वास घेत आहे. मारुंजी आणि नेरे मागे पडले की इमारती विरळ होतात आणि ऊस दिसू लागतो. कासारसाई-दारुंब्रे येथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना असल्यामुळे गळिताच्या हंगामात डांबरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. तेव्हा शेताच्या बांधालगतची वाट धरणेच शहाणपणाचे.

या वाटेवर चालवण्याची एक शिस्त आहे. नजर पुढच्या चाकाच्या थोडी पुढे, सतत जमिनीवर ठेवावी लागते. सुटा दगड कोठे आहे, मुंग्यांची रांग कोठून चालली आहे, हे पाहत जावे लागते. आपल्याकडे ईर्यासमितीत साधूने समोरची सुमारे चार हात भूमी पाहून पाऊल टाकावे असे सांगितले आहे. सायकलस्वाराला त्या व्रताची बरोबरी करता येणार नाही. चाक पावलाएवढे सावध नसते. परंतु तासाला दहा-बारा किलोमीटरच्या वेगात जमीन निदान दिसते. मोटारीतून मी याच भागात कित्येकदा आलो होतो, पण मुंग्यांची रांग कधी पाहिली नव्हती.

नेरे आणि कासारसाई यांच्या दरम्यान एका ठिकाणी आमची वाट अचानक संपली. समोर सिमेंटचे खांब आणि काटेरी तारा. तारांच्या पलीकडे तीच वाट गवतात बुजत गेलेली स्पष्ट दिसत होती. पुतण्या म्हणाला, “काका, हे कुंपण कोणाचं असेल हो?” मी काही बोललो नाही. आम्ही सायकली वळवल्या, मोठ्या रस्त्याला लागलो आणि ट्रॉल्यांच्या धुळीतून कासारसाईच्या धरणापाशी आलो. तेथे बसून खाकरे खाल्ले, बरोबरचे उकळलेले पाणी प्यालो. माझे लक्ष मात्र पाण्याच्या शोभेकडे नव्हते.

पुढे पाचाणे, चांदखेड करीत पवना ओलांडायची आणि बेडशाच्या डोंगराला उजवी-डावी घालीत कामशेत गाठायचे. बेडसे, कार्ले, भाजे ही बौद्ध लेणी घाटावरून कोकणातील बंदरांकडे जाणाऱ्या प्राचीन व्यापारी मार्गाच्या परिसरात कोरलेली आहेत. आपण व्यापारी लोक. आपल्याला हे सांगावे लागू नये की माल, भिक्षू आणि वाटसरू एकाच वाटेने जात असत. कामशेतच्या पलीकडे नाणे मावळात पाले गाव आहे. तेथील डोंगरातील लहानशा लेण्यात ब्राह्मी लिपीतील एक शिलालेख आहे. सुमारे अर्धशतकापूर्वी हसमुख सांकळिया आणि शोभना गोखले यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. अक्षरांच्या वळणावरून तो इसवी सनापूर्वीच्या काळातील मानला जातो. त्याचा आरंभ अरिहंतांना नमन करून होतो, म्हणून महाराष्ट्रातील जैन धर्माच्या सर्वांत प्राचीन पुराव्यांत त्याची गणना होते. भदंत इंद्ररक्षिताने येथे लेणे आणि ‘पोढी’ करविली, असा त्याचा आशय आहे. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. अलीकडे लोहगडाच्या कड्यातही याच इंद्ररक्षिताचा उल्लेख असलेला लेख आढळला आहे.

त्या टाक्याच्या काठाशी मी बराच वेळ बसलो. दोन हजार वर्षांपूर्वी कोणी आपल्या श्रद्धेची खूण ठेवताना येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पाण्याची सोय केली. आणि मी काय केले होते?

ते कुंपण माझे होते. मी बँकेत असताना २००६ साली दोन स्नेह्यांसह ती जमीन घेतली. व्यवहार चोख होता, कागदपत्रे मी स्वतः तपासली होती. गावनकाशावर त्या गटातून तुटक रेषेची एक पायवाट जाते, हेही मी पाहिले होते. असे नकाशे नोकरीत शेकडो पाहिले. कर्जाच्या प्रकरणात तुटक रेषेने कधी अडचण आणली नाही, म्हणून मनातही आणली नाही. तारा ओढल्या तेव्हा गावातील एक वृद्ध गृहस्थ “वाट तेवढी राहू द्या” असे सांगून गेले होते. आम्ही चहा दिला आणि वाट दिली नाही.

इंग्लंडमध्ये मुलीकडे गेलो असता डर्बीशायरच्या डोंगराळ खोऱ्यात मी वेगळी रीत पाहिली. तेथील शेतेही खाजगी मालकीची, दगडी कुंपणांनी बांधलेली. परंतु वाट जेथे कुंपणाला भिडते तेथे फाटक असते आणि त्यावर बाण असतो. पायवाटेला पिवळा, घोडेवाटेला निळा. १९४९ च्या कायद्याने सार्वजनिक वाटांचे अधिकृत नकाशे करण्याचे ठरले आणि १९६८ च्या कायद्याने घोडेवाटेवर सायकल नेण्याचा हक्क मिळाला. सायकलस्वाराने पादचाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट द्यावी, ही अटही त्यातच आहे. मालकाची जमीन कोठे गेली नाही, वाटही कोठे गेली नाही. आपल्याकडेही १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा वहिवाटीच्या वाटेवरील अडथळा दूर करण्याचा अधिकार तहसीलदाराला देतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. त्या वृद्ध गृहस्थांनी अर्ज केला नाही. समोरच्याने मुदतीत दावा केला नाही, एवढ्यावर आपण निर्दोष ठरतो काय, हा प्रश्न तहसीलदाराच्या कक्षेबाहेरचा आहे.

हे सारे आपल्या मासिकात लिहिण्याचे कारण सायकल नव्हे. महामार्गावरील विहारात वाहनाच्या धडकेने साधु-साध्वींचा कालधर्म झाल्याची वार्ता आपण दरवर्षी ऐकतो, वाचतो. आपले तरुण चमकणारी जाकिटे घालून विहारसेवेला जातात, ती सेवा मोठीच आहे. परंतु अनवाणी पावलांना ट्रकांच्या शेजारून चालावे लागते, याचे एक कारण आतल्या वाटा बंद झाल्या हेही आहे. त्या कोणी बंद केल्या? हिंजवडीपासून कामशेतपर्यंत गुंतवणूक म्हणून घेतलेल्या जमिनींत आपल्या समाजाची कुंपणे थोडी नाहीत. महामार्गालगत विहारधाम बांधायला आपण लाखांनी देणगी देतो. आपल्याच गटातून जाणारी आठ फुटांची वाट मात्र आपल्याला जड होते.

जाऊन-येऊन हा प्रवास सत्तर-ऐंशी किलोमीटरचा आहे. नवकारशी करून निघावे. जाताना सायकल व परतताना कामशेतहून लोकल धरली तर चौविहारापूर्वी घरी पोहोचता येते. तरुणांनी अवश्य जावे. जाताना आपल्या जमिनीचा गावनकाशा बरोबर न्यावा आणि तुटक रेषा कोठे जाते ते पाहून यावे.

आमच्या तीन भागीदारांपैकी एकाने कुंपण मागे घेण्यास लगेच होकार दिला. दुसऱ्याचे म्हणणे असे की, आज वाट सोडली तर उद्या भाव पडेल. त्याचा हिशेब चूक आहे असे मला म्हणता येत नाही. मी आयुष्यभर असेच हिशेब तपासले. त्याला मी येत्या रविवारी पाल्याला घेऊन जाणार आहे. तोवर माझ्या हिश्शाच्या बाजूचे तीन खांब काढले आहेत. पुतण्याला अजून सांगितलेले नाही. हा लेख तो वाचेलच.