नऊ पिनांची वाट

रात्रीचे साडेअकरा. आत्ताच उद्यमबागेतून येळ्ळूरला परतलो. राजहंसगडाकडून गार वारा येतोय.

कारखान्यातल्या जुन्या सीएनसी यंत्राचा प्रोग्रॅम फक्त विंडोज एक्सपीवर चालतो. एक्सपीचा संगणक बंद पडला, म्हणून लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी बसवली. पण आतल्या एक्सपीला यंत्राकडून येणारी नऊ पिनांची सिरियल केबल दिसेना. सेटिंगमध्ये कॉम-१ खऱ्या पोर्टला जोडला, तरी नकारच. शेवटी कळलं, सिरियल पोर्ट वापरू देणाऱ्या लिनक्सच्या 'डायलआउट' गटात माझं नाव नव्हतं! ते घातलं, पुन्हा लॉगिन केलं, दोन्हीकडे ९६०० बॉडचा वेग ठेवला.

या केबलमागचं आरएस-२३२ हे १९६० सालचं मानक, बाबांच्याच वयाचं. यंत्राची पहिली ओळ पडद्यावर उमटली आणि डोळे भरून आले. याच यंत्रावर बाबांनी आयुष्य काढलं. सकाळी त्यांना घेऊन जाणार आहे.