शून्याचे दोन अर्थ

सॉकेटमध्ये 230 व्होल्ट असायला हवेत आणि मीटरचा काटा 110 च्या आसपास जाऊन थांबतो. दिवे लख्ख, पंखा नेहमीच्या वेगात, शेजारच्या मिक्सरचा आवाज रोजच्याइतकाच चढा. म्हणजे वीज ठीक होती. तिची खबर आणणाराच बिघडला होता.

मीटर काट्याचा, जुना. डायलवर आरशाची बारीक पट्टी. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आलं की मगच आकडा वाचायचा. तिरकं पाहिलं की चूक. जुने कारागीर अजून त्याला ॲव्होमीटर म्हणतात. 1923 मध्ये ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकाडी या इंजिनियरने ॲम्पियर, व्होल्ट आणि ओहम मोजणारी तीन उपकरणं एका पेटीत आणली, त्याचं हे नाव. डिजिटल मीटरही घरात आहे, पण तो फक्त निकाल सांगतो. कपॅसिटरला पिना लावल्यावर काटा उसळतो आणि मग सावकाश मागे येतो, ते येणं बघत राहण्यासारखं असतं.

पुण्यात अशा दुरुस्तीला बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. वायरींची भेंडोळी, एलईडीच्या माळा, चार्जर यांच्या गर्दीतून एक अरुंद जिना वर जातो. वरच्या काकांनी मीटर हातात घेऊन आधी हलकेच कलता करून पाहिला. काटा कुठे अडत नव्हता.

“आधी कुणी उघडलाय?”

“नाही.”

“बरं झालं.”

मला वाटलं, आता ते सॉकेटवर लावून बघतील. त्यांनी खणातून नवा पेन्सिल सेल काढला, डीसीवर लावला. काटा दीडच्या किंचित पुढे गेला. “दादा, डीसी बरोबर दाखवतोय. म्हणजे कॉइल, काटा, स्प्रिंगा सगळं ठणठणीत. एसीची बाजू बघू.” एका सेलनं अर्धा मीटर निर्दोष सुटला. रोग शोधण्याआधी तो कुठे नाही हे ठरवणं, हीच खरी कारागिरी, असं माझं मत आहे.

मागचं झाकण उघडलं. चुंबकाच्या पोटात केसासारख्या तारेची कॉइल, वर-खाली तलम स्प्रिंगा, रत्नाच्या बेअरिंगमध्ये टेकलेली टोकं. चांगल्या मीटरचा काटा एका ॲम्पियरच्या वीस हजाराव्या भागानेही पूर्ण फिरतो. पण या नाजूक जिवाला एकाच दिशेचा प्रवाह कळतो. घरातली वीज सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे होते. ती थेट दिली तर काटा जागच्या जागी थरथरेल. म्हणून चार डायोड तिला एकाच दिशेला वळवतात. त्यातला एक उघडा पडला होता. निम्म्या लाटा कॉइलपर्यंत पोचतच नव्हत्या, म्हणून आकडाही निम्मा.

नवा डायोड रुपया-दोन रुपयांना मिळतो. काकांनी तो घेतला नाही. सिलिकॉनच्या डायोडमधून वीज जायला 0.6 ते 0.7 व्होल्टचा भुर्दंड पडतो, जर्मेनियमच्या डायोडला त्याच्या निम्म्याहूनही कमी. डायलवरच्या रेघा जर्मेनियम धरून छापलेल्या. सिलिकॉन बसवला असता तर 230 जवळजवळ बरोबर आले असते, पण लहान रेंजची खालची घरं खोटी पडली असती. म्हणून एका मोडक्या रेडिओच्या डिटेक्टरमधला ओए-79 हा जर्मेनियमचा डायोड निघाला. काचेच्या इवल्या नळीतला, बहुधा माझ्या वयाचा.

डाग देऊन झाल्यावर आमचा मीटर त्यांच्या मीटरशेजारी बसला. दोघांचे काटे एकाच ठिकाणी. पण काकांचा मीटर बरोबर कशावरून? तो कुठल्या तरी प्रयोगशाळेतल्या मीटरशी ताडलेला, आणि ही साखळी वर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. 20 मे 2019 पासून ॲम्पियरची व्याख्या इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराला बांधलेली आहे. बुधवार पेठेतल्या त्या माळ्यावरचा काटा शेवटी इलेक्ट्रॉनला साक्षीला बोलावतो, ही कल्पना मला फार आवडली. काकांना नसावी, त्यांनी झाकणाचे स्क्रू आवळायला घेतले होते. मजुरी साध्या डिजिटल मीटरच्या किमतीहून जास्त झाली. ती वसूल झाली, असंच मी म्हणेन.

जिना उतरण्याआधी ते म्हणाले, “तुमचं नशीब. निम्मा दाखवत होता म्हणून कळलं. शून्य दाखवलं असतं तर?”

मेलेली तार आणि मेलेला मीटर, दोघांचंही शून्य दिसायला सारखंच. तुटलेली पिन, चुकीची रेंज, उडालेला फ्यूज, यातलं काहीही झालं तरी तेच शून्य. वायरमन बोर्डाला हात घालण्याआधी मीटर चालू सॉकेटवर लावून बघतो, मग कामाच्या तारेवर, आणि पुन्हा एकदा चालू सॉकेटवर. मधलं शून्य दोन्ही बाजूंनी 230 दिसले तरच खरं धरतो. घरात मीटर असेल तर एवढं करा. आणि ते जमणार नसेल तर बोर्ड उघडू नका, वायरमनला बोलवा.